अमारोच्या टेकडीचं कुंपण

देओलिंदाने टेकडीला तारेचं कुंपण घातलं ते नवऱ्यावरच्या मायेपोटीच. अमारो गेला त्याच हिवाळ्यात. त्या हिरवट, बुळबुळीत खडकावर एरवी धड गवतसुद्धा धरत नसे. पण एप्रिलमध्ये पांढऱ्या कडांची पिवळी फुलं अशी उसळायची, की सान होजे शहरातली माणसं गाड्या थांबवून बघत राहायची. उन्हाळ्यात ती सुकून जायची, मागे फक्त बी ठेवून. मूलबाळ नसलेला अमारो त्यांना आपली पोरं म्हणायचा, आणि वर त्याच पोरांवर गायी सोडायचा! देओलिंदा जन्मभर त्यावरून कडाकडा भांडली. तो आपला हसायचा.

आता गायी खालच्या कुरणात होत्या, फाटकाला कुलूप होतं. पहिल्या एप्रिलला फुलं बरी आली, दुसऱ्याला तुरळक. यंदा नुसतं गुडघाभर गवत. ते हातांनी बाजूला सारत ती सकाळभर फिरली, तेव्हा कुठे एक रोडावलेलं फूल सापडलं. हे गेलं की अमारोचं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

"कुणाची नजर लागली रे?" तिने धाकट्या दिराला, झेफेरिनोला विचारलं.

"नजर कसली, वहिनी? गायी सोडा आत. विद्यापीठातली एक बाई फुलं बघायला आली होती, ती म्हणत होती, रस्त्यावरच्या मोटारींच्या धुराचं या नापीक खडकावर खत होतं, मग परदेशातून आलेलं गवत माजतं आणि फुलांना गिळतं. गायी ते गवत खायच्या, म्हणून फुलं होती."

"अरे, माझ्या डोळ्यांदेखत तुडवायच्या त्या!"

"तुडवायच्याच की."

"मग?"

"मग मला काय विचारता? मी चीज विकणारा माणूस."

देओलिंदाचं डोकं चक्रावलं. जपलं तर मरतं नि तुडवलं तर जगतं, ही कुठली तऱ्हा? अमारोला हे माहीत होतं, की नुसता कुंपण घालायचा आळस? माहीत होतं, तर इतकी वर्षं बोलणी खात गप्प का बसला? त्याचा भयंकर राग आला तिला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

तिने कुलूप काढलं, झेफेरिनोने खालून गायी हाकत आणल्या. पहिली शिरली ती थोराड तांबडी. गवत ओरबाडत सरळ पुढे आली आणि तिचा खूर नेमका त्या फुलावर पडला. देओलिंदाने काठी उगारली.

"हाकलू का?" झेफेरिनो ओरडला.

"नको!" ती रडायलाच लागली. "मला काही म्हणजे काही कळत नाहीये रे. खाऊ दे तिला."