एका फळीच्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे. माझ्या मानेवरचं पॉलिश बोटांनी घासून पार गेलं आहे. तारा पिळायच्या खुंट्या कुरकुरतात. हवा दमट झाली की अंग फुगतं आणि कोरडी झाली की कुठेतरी बारीक चीर जाते. म्हाताऱ्यांच्या तक्रारी असतात तशाच या, आणि त्या कोणी मन लावून ऐकत नाही हेही मला ठाऊक आहे. तेव्हा तक्रारी राहू द्या. एक हकीकत तेवढी सांगते आणि मग गप्प बसते.

मला एका सुताराने घडवलं. दिवसभर तो खुर्च्या आणि कपाटं करायचा आणि संध्याकाळी लोकांची मोडकी वाद्यं दुरुस्त करायचा. कारखान्याची फरशी गार, म्हणून त्याच्या पायात कायम जाड लोकरीचे मोजे असायचे. हे मोजे लक्षात असू द्या, पुढे त्यांची गाठ पडणार आहे. त्याला दोन मुली होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणायचे. धाकटीच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसायची, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं होतं. दोघींनाही गिटार हवी होती आणि दोघीही हट्टाला पेटल्या होत्या. बापाने डावं-उजवं केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने एकाच फळीतून दोन गिटारी करायच्या ठरवल्या. अशा आम्ही दोघी बहिणी झालो.

आमचं लाकूड एक, मान एकसारखी, तारा एकाच जातीच्या. आम्ही विजेवर वाजणाऱ्या गिटारी, त्यामुळे तारांखाली पिकअप बसवावे लागतात. तारेची थरथर पकडून ती वायरीतून पुढे पाठवणारी ही चुंबकं असतात. तीही त्याने जोडीनेच आणली. फरक ठेवला तो एकच. माझं पोट त्याने आतून कोरून पोकळ केलं आणि वरच्या पातळ फळीला दोन वळणदार फटी ठेवल्या. माझ्या बहिणीला मात्र भरीव ठेवलं. ती उचलायला चांगलीच जड, आणि मी हलकी. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा.

एका दुपारी त्याने आम्हाला आळीपाळीने एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि मुलींना समोर बसवलं. बहिणीचा सूर सरळ आणि टोकदार निघाला. तो टिकायचाही फार. तार छेडावी, चहाचा घोट घ्यावा, कप खाली ठेवावा, तरी सूर आपला तिथेच उभा. माझा सूर गोल होता, ऊबदार होता, त्यात थोडी हवा मिसळलेली होती. तो चटकन उमलायचा आणि चटकन विरूनही जायचा. वायर काढली की फरक आणखी कळायचा. बहीण बिचारी डासासारखी गुणगुणायची आणि माझा आवाज मात्र भिंतीपलीकडे ऐकू जायचा. यातली चांगली कुठली, असं चिमणीने लगेच विचारलं.

बाबा म्हणाले, "चांगलं-वाईट काही नाही त्यात. भरीव आहे ती सूर धरून ठेवते. पोकळ आहे ती सोडून देते. दोन्ही यावं लागतं."

त्या दिवसापासून घरात एक खेळच सुरू झाला. बाबा पडद्याआड बसून आमच्यापैकी एकीची तार छेडायचे आणि मुलींनी ओळखायचं, पोकळ की भरीव. ताई डोळे मिटून नीट ऐकायची आणि कधी चुकायची नाही. चिमणीला एवढा धीर कुठला. ती पडद्याखालून हळूच हात घालायची आणि माझ्या पोटावर तळवा टेकवायची. मी वाजत असले की पोट थरथरतं, बहिणीचं तसं थरथरत नाही. मग बाबा तिच्या हातावर चापट मारून म्हणायचे, "हात मागे. ही लबाडी झाली. कानांनी ओळखायचं." सगळे हसायचे. पुढे वाटणी झाली तेव्हा ताईने मला घेतलं आणि चिमणीने माझ्या भरीव बहिणीला.

मुली मोठ्या झाल्या, बाबा गेले, आणि दोघी एका नाचाच्या हॉलमध्ये बँडबरोबर वाजवू लागल्या. ते दिवस कष्टाचे होते, पण मला आवडायचे. एकच पंचाईत होती. हॉल मोठा, ड्रम दणदणीत, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवावा लागायचा. तो आवाज माझ्या पोकळ पोटात शिरायचा, पोट थरथरायचं, ती थरथर वायरीतून पुन्हा बाहेर जायची आणि पुन्हा आत यायची. बघता बघता मी असा काही हंबरडा फोडायची की नाचणारी माणसं कानांवर हात ठेवायची. ताई शरमेने लाल व्हायची. माझी भरीव बहीण शेजारी शांत उभी असायची, तिला कशाचं काही नाही. त्या दिवसांत मला तिचा फार राग यायचा.

शेवटी बँड चालवणाऱ्या ड्रमवाल्याने चिमणीला गाठलं. पुन्हा एकदा ही गिटार ओरडली तर तुझ्या ताईला घरी बसवीन, असं त्याने स्पष्ट सांगितलं. ताईला हे सांगायची हिंमत चिमणीत नव्हती. ताई मानी, आणि माझ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी ताई तोंड धुवायला गेली तेवढ्यात चिमणीने पिशवीतून बाबांचे लोकरीचे मोजे काढले. बाबांच्या मागे ती ते स्वतः वापरायची, हॉलची फरशीही गारच होती. विणायच्या सुईने तिने ते माझ्या फटीतून आत ढकलले. तेवढ्याने भागेना म्हणून गळ्यातला मफलर ढकलला, मग एक ओढणीही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खाली तिने सगळं घट्ट चेपून बसवलं.

त्या संध्याकाळी मी ओरडले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रमवाल्याने पहिल्यांदाच ताईचं कौतुक केलं, आणि घरी जाताना ताई रस्ताभर माझ्याबद्दल बोलत होती. गिटार शहाणी झाली, म्हणाली. चिमणी उद्या सगळं काढून टाकणार होती. पण ताईचा एवढा आनंद बघून तिला सांगवेना. उद्याचा परवा झाला, आणि चिमणीच ती, हळूहळू विसरूनही गेली. मी कशी विसरेन? माझी सगळ्यांत जास्त वाहवा झाली ती माझं तोंड बांधलेलं असताना. मित्रांनो, अशा वाहवेने माणूस आतून दमतो, आणि गिटारही दमते. घरी कधी वायरीशिवाय वाजवताना ताई थबकायची, कान जवळ आणायची, आणि लाकूड म्हातारं झालं असेल, म्हणायची.

मग हॉल बंद पडला, बँड पांगला, अ‍ॅम्प्लिफायर जळला. आम्ही दोघी कपाटावर जाऊन पडलो. किती काळ गेला ते मी मोजलं नाही. अंधारात बहीण माझ्या शेजारी होती एवढाच आधार, आणि हळूहळू माझा तिच्यावरचा रागही निवला.

आम्हाला खाली काढलं ते चिमणीच्या आजारपणात. दोघी बहिणी आता केस पांढरे झालेल्या, दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहत होत्या. चिमणीला रोज इंजेक्शन घ्यावं लागत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की या औषधाने जीव वाचेल, पण ऐकू येणं हळूहळू कमी होऊ शकतं. चिमणी म्हणाली, आपण बाबांचा खेळ रोज खेळू. मला पोकळ कुठली आणि भरीव कुठली ते जोवर कळतंय, तोवर कान शाबूत आहेत असं समजायचं. ताईने नव्या तारा आणून चढवल्या. चिमणी भिंतीकडे तोंड करून पडली आणि ताईने मला मांडीवर घेऊन तार छेडली.

"भरीव," चिमणी म्हणाली.

मित्रांनो, माझं काय झालं असेल ते सांगता येत नाही. पोटात बोळे कोंबलेले असताना मी कसली घुमणार? बहिणीसारखीच बारीक गुणगुणले. ताईने पुन्हा मला वाजवलं, आणि चिमणी पुन्हा भरीवच म्हणाली. ताई म्हणाली, बरोबर. पण ताईला खोटं बोलता येत नाही, खोटं बोलताना तिचा आवाज एक पट्टी चढतो. चिमणीने तो बरोबर हेरला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. मग चिमणीची बडबडच बंद झाली. इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या तेव्हा तिने हात पांघरुणाखाली ओढून घेतला.

"नको मला औषध," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आयुष्य वाढवून त्यात ऐकायचं काय?"

ताईने समजावलं, रागावली, मग रडली. चिमणी हलली नाही. मला सगळं दिसत होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. इतकी हतबल मी कपाटावरच्या अंधारातही झाले नव्हते.

नर्सबाई बाहेरच्या खोलीत येऊन टेकल्या, आणि आम्हा दोघी गिटारींना उचलून ताईही त्यांच्या मागे आली. ताईने डोळे पुसत त्यांना खेळ समजावून सांगितला, आणि चिमणीला आता पोकळ-भरीव कळत नाही हेही सांगितलं. नर्सबाईंना गाण्या-बजावण्यातलं काही कळत नव्हतं. ताईचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून त्या म्हणाल्या, मी वाजवते, तुम्ही ओळखा. ताईने मोठ्या अनिच्छेने पाठ फिरवली. नर्सबाईंनी माझी तार छेडली. ताई म्हणाली, भरीव. नर्सबाई म्हणाल्या, अहो, नाही, ही फटींची. ताईला वाटलं, बाई थट्टा करतायत. पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि पुन्हा चुकली.

जन्मात न चुकलेली ताई. ती गर्रकन वळली, मला हिसकावूनच घेतलं आणि बाबा ठोकायचे तसं बोटाच्या पेराने माझ्या पोटावर ठोकलं. पोकळ लाकडाचा आवाज आलाच नाही. आतून गादीवर मारल्यासारखं धप्प झालं. ताई मला घेऊन तशीच आत गेली.

"चिमे, मलाही नाही ओळखता आलं. तुझे कान ठीक आहेत. हिलाच काहीतरी झालंय."

चिमणीने तोंड वळवलं. माझ्या फटींकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर लहानपणीची, चोरी पकडली गेल्यावरची कळा आली.

"ताई," ती म्हणाली, "तिच्या पोटात बाबांचे मोजे आहेत."

क्रोशाच्या सुईने त्यांनी मला मोकळं केलं. आधी ओढणी आली, मग मफलर, आणि शेवटी मोजे, टाचेला बाबांनी स्वतः रफू केलेले, धाग्यांत अजून लाकडाचा भुसा अडकलेला. ताई आधी चिडली, इतकी वर्षं मी उगाच हिला म्हातारी म्हणत बसले, म्हणाली. मग मोजे गालाला लावून हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. नर्सबाईंना कशाचा काही पत्ता लागत नव्हता, तरी त्यांचेही डोळे भरले. चिमणी पुन्हा भिंतीकडे वळली. ताईने तार छेडली आणि माझा स्वतःचा आवाज इतक्या वर्षांनी मला ऐकू आला. थोडा घोगरा होता, पण गोल होता, माझाच होता.

"पोकळ," चिमणी म्हणाली, आणि पांघरुणातून हात बाहेर काढून तिने नर्सबाईंपुढे धरला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नव्हतं. औषधाने चिमणी जगली, आणि पुढे तिचं ऐकू येणं खरोखरच कमी होत गेलं. आधी माझ्या भरीव बहिणीचा टोकदार सूर तिच्यापासून दुरावला, मग माझा. खेळ मात्र दोघींनी सोडला नाही. परवा दुपारी ताईने मला वाजवलं तेव्हा चिमणीने भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे केला आणि चाचपडत माझ्या पोटावर तळवा टेकवला. थोडा वेळ तो तिथेच राहिला. मग ती म्हणाली, "पोकळ." बाबा असते तर हातावर चापट बसली असती. ताईने फक्त तार पुन्हा छेडली, जरा जोरात.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं वाद्य कपाटावर पडलेलं असेल, किंवा कोपऱ्यात गप्प बसलेलं एखादं माणूस असेल. त्याचा आवाज गेला असं म्हणण्याआधी एकदा जवळ घ्या, ठोकून बघा, त्याच्या आत कोणी काय कोंबून ठेवलंय ते तपासा. आणि सगळं करून खरंच काही ऐकू आलं नाही, तर हात ठेवून बघा. मी फार थकले आहे, पण अजून थरथरते.