माझ्या पाठीवरचा हिरवा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी शाम्पूची वडी आहे. जुनी म्हटल्यावर हसू नका. आमच्यात दोन-तीन महिने टिकली ती म्हातारीच, आणि मी तर आता जेमतेम बिस्किटाएवढी उरले आहे.

माझा जन्म एका मावशीच्या ओट्यावर झाला. तिच्या भाचीची टाळू फार तेलकट. सकाळी धुतलेले केस दुपारी शाळेत कपाळाला चिकटायचे. मुली तिला ‘तेलाची बुधली’ म्हणायच्या. मावशीने फेसाची पावडर आणि पांढरी माती मळली, वाटीत दाबून मला घडवले आणि भाचीला बजावले, “आधी हातावर फेस कर, मग टाळूला लाव. आणि थोडी कळ काढ गं.”

भाचीचे केस कमरेपर्यंत होते आणि तिचा त्यांच्यावर फार जीव होता. तरी तिने आईला सांगून टाकले, “आता हिनंही फरक पडला नाही, तर कापूनच टाकते.”

आणि फरक पडला! केस दुपारीही मोकळे राहू लागले. एकदा तर तिने मला फेसासकट गालाला लावले. मला आकाश ठेंगणे झाले होते.

मग तिच्या बाबांची नजर माझ्यावर गेली. माणूस मायाळू, पण घरात काही वाया गेलेले त्यांना खपत नाही. अंगाचा साबण झिजला की उरलेला चपटा तुकडा नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायचा, हा त्यांचा शिरस्ता. मीही साबणच, असे समजून त्यांनी एक हिरवा तुकडा माझ्या पाठीवर दाबला आणि खुशीत म्हणाले, “झालं काम!”

तो तुकडा बिचारा वाईट नव्हता. पण आमच्या घरचे पाणी जड. त्यात अंगाचा साबण केसांवरून निघतच नाही, चिकट थर धरतो. भाची डोळे मिटून केस धुवायची आणि मला तशीच डबीत ठेवायची, हिरवी पाठ खाली. केस पुन्हा चिकटू लागले, तशी ती मला जास्तच चोळू लागली. मला सगळे कळत होते, पण बोलणार कशी?

“मावशी, तुझी वडी बिघडली गं,” असे तिने फोनवर सांगितले, तेव्हा मी दोन हात अंतरावर डबीत पडून ऐकत होते. त्याच आठवड्यात रविवारी ती कानापर्यंतचे केस घेऊन घरी आली. माझी रवानगी हात धुवायच्या बेसिनवर झाली.

काल हात धुताना तिने मला सहज उलटे केले.

“बाबा, हे हिरवं काय आहे?”

“अगं, वाया जाऊ नये म्हणून मीच चिकटवलं होतं. का गं?”

तिचा ओला हात सवयीने वेणी पुढे घ्यायला खांद्यामागे गेला आणि तिथेच थांबला.

मित्रांनो, आमच्या पाठीवर कुणाला चिकटवण्याआधी आमचे काम काय, ते विचारा. आणि बिघडली म्हणून बाजूला टाकण्याआधी आम्हाला एकदा उलटून पाहा. आम्हाला सांगता येत नाही हो.