चौथा उन्हाळा

अफशांनं रिकाम्या पलंगावरची चादर पुन्हा काढली, झटकली आणि चारही कोपरे गादीखाली घट्ट दाबून बसवले. चादर मळलेली नव्हती. त्या पलंगावर तीन वर्षांत कोणी झोपलंच नव्हतं. पण आज अकरा वाजता नवी समाजसेविका दत्तकाच्या तपासणीसाठी घर पाहायला येणार होती, आणि मागच्या खेपेला आलेल्या बाईंनी गादीवरून हात फिरवून पाहिला होता, हे अफशां विसरली नव्हती.

समोरच्या पलंगावर हनिया मांडी घालून बसली होती. तिच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर तिनं इंग्रजीत प्रश्न आणि उत्तरं लिहून काढली होती. तुझी खोली तिला देशील का? हो. तुझी खेळणी? हो, पुस्तकंसुद्धा. आईबाबा तिच्याकडे जास्त लक्ष देतील, चालेल? हो, कारण ती लहान असेल. यातलं बरंचसं अफशांनंच आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. शेवटचा प्रश्न मात्र अफशांचा नव्हता. तू कधी उदास असतेस का? पुढं हनियानं लिहिलं होतं, नाही, मी आनंदी मुलगी आहे.

"हे कोणी सांगितलं लिहायला?"

हनियानं खांदे उडवले. विचारतील कदाचित, असं ती इंग्रजीतच म्हणाली आणि पानाची घडी घालू लागली.

अफशांनं उशी ठीक केली. मुलगी अकरा वर्षांची झाली होती. अर्ज भरला तेव्हा आठची होती, आणि घरी बहीण येणार म्हणून शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती. बसमधल्या मुलींनी वर्षभर विचारलं, मग सोडून दिलं. हनियानंही सांगणं सोडून दिलं.

दोहातल्या अल हिलाल भागात एका जुन्या व्हिलाच्या मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या होत्या. खिडक्या कुंपणाच्या भिंतीकडे उघडत, म्हणजे उघडल्या काय नि न उघडल्या काय, सारखंच. मे लागला की अफशां त्या बंदच ठेवी. मुऐदरला हनियाच्या शाळेजवळ एक चांगला, उजेडाचा फ्लॅट त्यांनी पाहून ठेवला होता. पण दत्तकाच्या कागदांवर पत्ता इथला होता. काशिफ एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला वर, कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या साइटवर टाकलं. पहाटे फजरची नमाज झाली की तो कंपनीच्या बसनं निघायचा, तो दिवस मावळल्यावर मगरिबला परत. दोहातल्याच एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं, चांगल्या जागेवर. तो गेला नाही, कारण कागदांवर नोकरी या कंपनीतली होती. अफशां स्वतः एका शाळेत केजीच्या वर्गाला शिकवायची. येणाऱ्या मुलीला सुरुवातीला आई घरात लागेल, म्हणून तिनं ते सोडलं. मुलगी आली नाही, आणि अफशां घरातच राहिली.

आणि उन्हाळे. शाळा सुटल्या की आसपासची सगळी घरं गावाला जायची. ही तिघं मात्र इथंच. केव्हाही फोन येईल, केव्हाही भारतातून मुलीची माहिती येईल, अठ्ठेचाळीस तासांत हो-नाही कळवावं लागेल, तेव्हा जागेवर असलं पाहिजे, हे त्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पहिल्या उन्हाळ्यात हनिया रडली. दुसऱ्या उन्हाळ्यात, जुलैत, रत्नागिरीजवळ साखरतरला अफशांचे अब्बा वारले. दहा दिवस ते हॉस्पिटलात होते. त्याच आठवड्यात अफशां-काशिफचा नंबर दत्तकाच्या यादीत शंभराच्या आत आला होता. तू म्हणशील तसं करू, असं काशिफ म्हणाला, आणि नाही जात, असं अफशांनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. भावानं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. अंगणातून जनाजा उचलला तेवढं तिनं पाहिलं, पुढं चित्र हललं आणि नुसती माणसांची पाठ दिसत राहिली. त्या आठवड्यात फोन आला नाही. त्या वर्षीही आला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात हनियानं गावाला जायचं का, असं विचारलंही नाही.

आता घराच्या तपासणीच्या जुन्या अहवालाची तीन वर्षांची मुदत संपत होती. अहवाल नव्यानं व्हायचा होता, आणि त्यावर सह्या झाल्या की आणखी तीन वर्षं.

अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. काशिफनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळपासून खुर्चीच्या कडेवर बसून होता. त्यानंच दार उघडलं. मागच्या बाई इंग्रजीशिवाय बोलत नसत, आणि तेही भराभर. या बाई, सुरय्या शेख, सोलापूरच्या निघाल्या. चप्पल काढतानाच त्यांनी अफशांला ताई म्हटलं, पंख्याखाली बसून ओढणीनं मान पुसली, आणि पाणी आधी द्या, सरबत मागाहून, असं सांगितलं. काशिफचे खांदे जरा खाली आले.

तासभर विचारपूस चालली. अफशांच्या दोन गर्भपातांबद्दल त्यांनी विचारलं, पण मान खाली घालून, लिहिता लिहिता. काशिफच्या थोरल्या भावाला हे पसंत नव्हतं, ते आता कसं आहे, असंही विचारलं. भाऊ आता विषय काढत नाही, असं काशिफनं खरं खरं सांगितलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, औषधांचं कपाट, सगळं पाहून झालं. मुलींच्या खोलीत त्या दारातच थांबल्या. खोलीच्या एका अंगाला हनियाची पुस्तकं, दप्तर, कपडे, भिंतीवर चित्रं, सगळं दाटीवाटीनं रचलेलं. दुसऱ्या अंगाला पलंग, उशी आणि कोरी भिंत. मधे कुणी रेघ मारलेली नव्हती. पण हनियाची एक पेन्सिलसुद्धा त्या बाजूला गेलेली नव्हती.

"आता जरा हिच्याशी बोलते," सुरय्याबाई म्हणाल्या. "एकटीशी."

दार लागलं. बाहेर अफशां आणि काशिफ शेजारी शेजारी बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. एसीची घरघर तेवढी. काशिफ मनगटावरचं घड्याळ फिरवत होता. अफशां मनातल्या मनात ते पान वाचत होती. खोली, खेळणी, लक्ष. शेवटच्या प्रश्नापाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. दहा मिनिटं म्हणाल्या होत्या, वीस झाली.

दार उघडलं तेव्हा हनिया बाहेर आली नाही. सुरय्याबाई एकट्याच येऊन बसल्या. त्यांनी वही मांडीवर ठेवली, पण उघडली नाही.

"मुलगी समजूतदार आहे तुमची," त्या म्हणाल्या. "सगळी उत्तरं अगदी मोजून मापून दिली तिनं. मग मी म्हटलं, तुला काही विचारायचंय का मला? तर हातातल्या पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, ती आली की मग आम्हाला नानीकडे जाता येईल का, की तिलाही इथंच थांबावं लागेल?"

अफशांनं खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मी म्हटलं, अगं, नानीकडे काय, आत्ताही जाता येतं. तर म्हणाली, नाही, तसा रूल आहे." सुरय्याबाईंनी दोघांकडे पाहिलं. "कुठला रूल, ताई?"

"म्हणजे," अफशां म्हणाली, "नंबर लागेपर्यंत इथून हलायचं नाही. देश सोडून जायचं नाही."

"असं कुणी सांगितलं?"

अफशांनं काशिफकडे पाहिलं. काशिफनं घसा साफ केला. मागच्या मॅडम जाताना म्हणाल्या होत्या, असं त्यानं सांगितलं. नेमके शब्द आठवायला त्याला थोडा वेळ लागला. "संपर्कात राहा, म्हणाल्या होत्या."

"संपर्कात म्हणजे फोन चालू ठेवा, ईमेल बघत जा." सुरय्याबाई किंचित हसल्या. "फोन काय रत्नागिरीला लागत नाही? उलट मूल भारतातच आहे. तिथं असलात तर दोन दिवस लवकर भेटाल त्याला. माझ्या यादीतली कुटुंबं दर वर्षी महिना महिना जाऊन येतात."

मग त्यांची नजर अफशांच्या चेहऱ्यावर गेली आणि त्या हसायच्या थांबल्या.

"तुम्ही कधीपासून गेला नाहीत, ताई?"

"तीन वर्षं," काशिफनं उत्तर दिलं. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, की नोकरी बदलली तर? घर बदललं तर? बदललं तर कळवायचं, त्या म्हणाल्या. मी येऊन पाहून जाईन, चार ओळी जोडून देईन. नंबर कुठं जात नाही. हे सांगताना त्यांचा आवाज फार मऊ झाला होता, आणि तो मऊपणा अफशांला सोसवेना. ती उठून सरबताचे पेले गोळा करू लागली. एक पेला अर्धा भरलेला होता, तोही तिनं उचलला.

सह्या झाल्या. अफशांनं काशिफच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, नेहमीसारखं, पूर्ण. दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा सुरय्याबाईंनी तिचा हात क्षणभर हातात धरला. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं.

ती परत आली तेव्हा काशिफ तसाच बसलेला होता. एरवी कुणी पाहुणा गेला की आधी शर्टाची वरची बटणं काढणारा माणूस. आज शर्ट तसाच होता.

"मी तेव्हा नीट विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"मीही तिथंच बसले होते."

त्याला शमालचा रस्ता आठवत असेल, पहाटेची ती बस, दोन वर्षांतल्या एकेका दिवसाची. तिला काय आठवत होतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो वर पाहत नव्हता.

हनिया खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. घडी घातलेलं पान अजून तिच्या मुठीत होतं, घामानं मऊ झालेलं. घरात ती मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आता ती शब्द जुळवत मराठीत बोलली.

"मम्मा, मी चुकीचं बोलले का?"

"नाही गं."

"मग त्या कॅन्सल करणार का?"

"नाही." अफशांनं तिला जवळ ओढलं. मुलगी आता तिच्या खांद्याला लागत होती. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "काही कॅन्सल होत नाही. आपण जाणार आहोत. शाळा सुटली की नानीकडे."

हनियानं मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बापानं मान हलवली. तरी तिनं आनंदानं उडी वगैरे मारली नाही. किती दिवस, एवढंच विचारलं. पूर्ण सुट्टी, असं अफशां म्हणाली. मग हनिया खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून वस्तू सरकवल्याचे आवाज येऊ लागले. अफशां डोकावली. हनियानं दप्तर, रंगांची पेटी आणि अर्धी पुस्तकं त्या रिकाम्या पलंगावर टाकली होती, आणि उरलेल्या कोपऱ्यात ती स्वतः पाय पोटाशी घेऊन पडली होती. चादर चुरगळली होती. अफशांनं ती नीट केली नाही.

दुपारच्या जुहरच्या नमाजेनंतर तिनं अम्मीला फोन लावला. तिकडं तीन वाजून गेले असतील. अम्मी ओटीवर बसून होती. अंगणात आमसुलं घातली होती आणि कावळ्यांवर लक्ष ठेवत होती. नेहमीप्रमाणे तिनं आधी हनियाचं विचारलं, मग काशिफचं. यंदा येणार का, हे तिनं विचारलं नाही. ते विचारणं तिनंही कधीच बंद केलं होतं.

"अम्मी, जूनच्या शेवटी येतोय आम्ही," अफशां म्हणाली. "मी आणि हनिया दोन महिने. हे पंधरा दिवस."

पलीकडं अम्मीनं आधी कावळे हुसकले.

"सोडलं काय गो तुला सरकारनं?"

अफशांनं फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर काशिफ जमिनीकडे पाहत होता.

"तुझे अब्बा हास्पिटलात रोज इचारायचे," अम्मी सांगू लागली. हे तिनं याआधी कधी सांगितलं नव्हतं. "पोर कवा येते म्हणून. मी सांगायची, तिला तिकडलं सरकार सोडीत नाय, नायतर तुमची पोर राहिली असती काय? मग गप पडून राहायचे. बरं म्हणायचे. कायदा हाय तर ती तरी काय करील, म्हणायचे." ती थांबली. "सोडलं ना आता?"

"हो अम्मी," अफशां म्हणाली. "यंदा सोडलं."