मैदानाकडे पाठ

अमडापूरच्या फुटबॉल क्लबचा गावातला एकही सामना सिंधूताईंनी चुकवला नव्हता, आणि एकही धड पाहिला नव्हता. त्या मैदानाकडे पाठ करून बसत.

लग्नानंतर त्या पहिल्यांदा सामन्याला आल्या, तेव्हा त्यांचे यजमान पंजाबराव क्लबचे गोलकीपर होते. नव्या नवरीनं मान वर केली आणि चेंडू नेमका पंजाबरावांच्या पायांमधून आत गेला. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, पाठ करा बरं तिकडं!" त्यांनी पाठ केली आणि क्लब जिंकला. तेव्हापासून क्लबच्या तीन पिढ्या त्यांनी नुसत्या कानांनी ऐकल्या.

आज गोलमध्ये त्यांची नात मंजुश्री उभी होती. सामना बरोबरीत सुटलेला, पेनल्टीची शेवटची किक उरलेली. अडवली नाही तर हार.

"आजी, इकडं पाह्य!" मंजुश्री ओरडली.

"नको वं माय, माही नजर वाईट हाय."

"पाह्य म्हन्लं ना! नाहीतर मी गोलमध्ये उभीच राहत नाही."

जीव मुठीत धरून त्या वळल्या. शिटी वाजली. चेंडू जाळीत गेला.

सिंधूताईंनी तोंडावर पदर घेतला. धुळीनं माखलेली मंजुश्री धावत आली.

"मी डावीकडं उडी मारली, बॉल उजवीकडं गेला. तुह्या डोयाचा काय संबंध, आजी?"

सिंधूताईंनी पदर हळूच खाली केला. शेजारी बसलेल्या पंजाबरावांकडे त्या वळल्या.

"मंग त्या दिवशी कोनाचं चुकलं होतं हो?"

पंजाबराव घाईघाईनं चष्मा पुसू लागले.