दहापैकी सात

दिपाली मॅडमनी जयमालाचा शोधनिबंध परत केला, तेव्हा त्यात एकाच वाक्याखाली रेघ होती. 'चाकण पट्ट्यातले दहापैकी सात छोटे कारखाने एकाच गिऱ्हाइकावर जगतात.' समासात लाल पेनाने दोनच शब्द: 'कुणी मोजलं?'

पंचाईत अशी, की हे वाक्य काढलं तर उरलेला निबंध म्हणजे खांब काढलेला मांडव. जयमाला रावेतच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला. चाकणच्या एका कंपनीत परचेस खात्यात तिची नोकरी ठरली होती, पण निकाल हातात आल्यावर. मॅडमनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत आकड्याचा उगम दाखव, नाहीतर निबंध पुढच्या सत्रात. तोवर ती खुर्ची कोण रिकामी ठेवतंय!

"पण मॅडम, नेटवर पाच ठिकाणी आहे तो आकडा."

"एकाने थाप मारली आणि चौघांनी उतरवून घेतली, तर साक्षीदार किती?" मॅडमचे प्रश्न असे, की उत्तर येत असलं तरी द्यावंसं वाटत नाही.

मग जयमाला त्या पाच ठिकाणांच्या मागे लागली. पहिल्याने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने फिरून पहिल्याचा. चौथ्याने 'तज्ज्ञांच्या मते' म्हणून हात झटकलेले. पाचव्या, सगळ्यात जुन्या लेखाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत एका गावाच्या उत्सव समितीच्या स्मरणिकेचं नाव होतं.

ती ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल धम्मरत्न सर पुस्तक देताना हात आखडणारे, पण पत्ता सांगताना दिलदार. त्यांनी मागच्या खोलीतलं एक कपाट उघडलं. आसपासच्या गावांतून फुकट आलेला आणि कुणी कधी न मागितलेला कागद त्यांनी तिथे जपला होता.

"स्मरणिका म्हणजे काय, माहितीये ना?" सर म्हणाले. "आधी जाहिराती गोळा करायच्या. मग मध्ये जागा उरते, तिथे लेख."

लेख सापडला. वर सिमेंटच्या दुकानाची जाहिरात, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, मध्ये अर्ध्या पानात लेखक सोपानरावांचा फेटा बांधलेला फोटो आणि ते वाक्य. आकडा कुठून आला, याबद्दल अवाक्षर नाही.

"माणूस आहे अजून," सर म्हणाले. "पुस्तकाला विचारता येत नाही, याला येईल. जा."

सोपानरावांचं घर चाकणच्या अलीकडच्या गावात. जिथे बटाटा पिकायचा तिथे आता पत्र्याचे गाळे उभे, आणि प्रत्येक गाळ्यात कुणाचं ना कुणाचं वर्कशॉप. हवाला शोधत एक पोरगी कॉलेजातून आली म्हटल्यावर सोपानरावांनी आधी टोपी सारखी केली, मग चहा सांगितला.

"त्या वाक्यावर मला तीन ठिकानी शाल मिळाली," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात चौथी हाय. उद्योग-अभ्यासक म्हनून."

"काका, पण मोजलं कसं तुम्ही?"

"मोजायचं काय? माझे गाळे दहा. दारोदार जाऊन इचारलं. सात म्हनले, एकच पार्टी."

"म्हणजे हे फक्त तुमच्या गाळ्यांचं?"

"मी लिव्हलं व्हतं तसंच, 'माझ्या दहा गाळ्यांत'. समितीवाला म्हनला, अण्णा, हे लई बारकं वाटतंय, चाकण टाकू." सोपानरावांनी आवाज खाली आणला. "हे आता तुझ्या निबंधात नको, पोरी. शालीचं काय हुईल?"

जयमालाने कप खाली ठेवला. नाव घातलं तर यांची पत जाते, नाही घातलं तर हिची नोकरी.

अंबुबाई, सोपानरावांची बायको, आतून लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "अवो, तुमी दहा जनांना तरी इचारलं. बाकीच्यांनी एकालाबी न्हाई. लाज कुनाला वाटायची?"

सोपानराव उठले. त्यांनी बुलेटची किल्ली घेतली. "चल. आजबी इचारू. खरं हाय ते खरंच निघंल."

पहिला गाळा ज्ञानेशचा. लातूरकडून आलेला, तीन प्रेस मशीन लावून बसलेला. बुलेटचा आवाज आला तशी त्याने दोन मशीन बंद केली.

"कसं काय चाललंय?" सोपानरावांनी विचारलं.

"कशाचं काय मालक! एकच पार्टी, तीबी पैसे लटकवते. दिवस ढकलायलोय."

जयमालाने मान वळवली. ज्ञानेशच्या पाठीमागे तयार मालाचे क्रेट होते, आणि त्यांवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची लेबलं.

दुसऱ्या गाळ्यात तेच रडगाणं. तिसऱ्यात तर पंखासुद्धा बंद केला गेला. बाहेर येऊन जयमालाने जपून विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही स्वतःच विचारायला गेला होता?"

"मग? मानूस धाडू का काय?"

"कधी गेला होता?"

"एरवी कवा जातो? भाडेकरार संपायला आला की..." बोलता बोलता सोपानराव थांबले. हात बुलेटच्या हँडलवर तसाच राहिला. ज्याला भाडं वाढवता येतं, त्यानेच धंदा कसा चाललाय म्हणून विचारलं, तर जगात कुणाचाही धंदा बरा चाललेला नसतो. हा हिशेब त्यांना इतक्या वर्षांत कुणी मांडून दाखवला नव्हता, आणि आता ही पोरगीही मांडत नव्हती. नुसती उभी होती. तेवढं त्यांना पुरलं.

"तू जा एकटी," ते म्हणाले. "मी टपरीवर बसतो. बुलेट तिकडं घेतो, दिसनार न्हाई अशी."

ज्ञानेशने आधी दाराबाहेर पाहिलं. "मालक गेले का? मग लिहा, ताई. तीन पार्ट्या. चौथीचं बोलणं चालू हाय. पण नाव नका टाकू."

"नाव नाही, आणि मालकांना आकडाही सांगणार नाही," जयमाला म्हणाली. सगळ्या गाळ्यांत तिने हाच शब्द दिला. टपरीवर परतली तेव्हा सोपानरावांचा चहा गार झालेला होता.

"माझं नाव घाल," ते म्हणाले. "आन इचारनारा मालक व्हता, हेबी घाल. शालीवाल्यांना मी कळवतो."

जयमालाने निबंधाचं नावच बदललं. चाकण पट्टा गेला, एका मालकाचे दहा गाळे राहिले. जुना आकडा कुणी, कुणाला, कोणत्या महिन्यात विचारून काढला, ते पहिल्याच पानावर आलं. शनिवारी मॅडमनी ते पान वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि एकही प्रश्न न विचारता सही केली. मॅडमच्या बाबतीत ही मोठी बोलकी गोष्ट.

रविवारी सोपानरावांचा फोन आला. खुशाली झाली, सहीचं ऐकून अंबुबाईंना हाक मारून सांगणं झालं. मग जरा खाकरून ते म्हणाले, "ते खरे आकडे काय निघाले म्हनं? आपलं सहजच."

"काका, ते तुम्हाला नाही सांगता यायचं. शब्द दिलाय मी."

सोपानराव मोठ्याने हसले. "म्हंजे लई बरं चाललंय म्हन की पोरांचं!"

जयमालाने जीभ चावली आणि चटकन अंबुबाईंना फोन द्यायला सांगितला.