पोपची आई व्हायचं नाही

आमच्या बेकरीत त्या दिवशी पाव घ्यायला कोणीच आलं नव्हतं, आणि तरी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

ज्या टेबलावर एरवी मी मैदा मळते, तिथे गुरुजींनी आपल्या घरचा टीव्ही आणून ठेवला होता. शाळेतले बाक आले होते. दाराशी एका वाहिनीची गाडी उभी होती आणि पत्रकार मुलगी हातात माइक घेऊन माझ्या रिकाम्या ट्रेवर टेकली होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जुने पोप वारले होते. नवे निवडायला जगभरचे कार्डिनल एका दालनात दारं लावून बसले होते, आणि त्यांच्यात माझा दादा होता. बेकरीवाल्याचा मुलगा!

कार्डिनल तसे पुष्कळ होते. पण भाकीत आमच्याच वाट्याला आलं होतं, आणि ते काढलं गुरुजींनी. गुरुजी म्हणजे निवृत्त इतिहासशिक्षक. निवृत्त झाल्यावर ऐकायला वर्ग उरला नाही, तेव्हापासून अख्खं गाव त्यांचा वर्ग झालंय. कुठल्याशा मठातल्या संन्याशाने शेकडो वर्षांपूर्वी पुढच्या एकेका पोपबद्दल एकेक ओळ लिहून ठेवली, असं ते सांगत. आता येणाऱ्याची ओळ त्यांना तोंडपाठ होती.

"आगीच्या घरातून येईल, हात पांढरे असतील," ते भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले. "आता हे आगीचं घर नाही, तर काय बर्फाचा कारखाना आहे? आणि लहानपणी त्याचे हात कोपरापर्यंत मैद्यात असायचे की नाही? तुम्हीच सांगा!"

झालं. गावाने गुडघ्याला बाशिंग बांधलं. न्हाव्याने दुकानावर 'पोपसाहेबांचे केस येथे कापले जात' अशी पाटी लावायला घेतली. दादाला गेली तीस वर्षं टक्कल आहे.

मी हसत होते, पण खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. पहाटेपासून भट्टीत तोंड खुपसून आयुष्य काढलेल्या बाईला पोपची बहीण व्हायला मिळत असेल तर ती नाही कशाला म्हणेल?

आई मात्र गल्ल्यामागच्या खुर्चीत टीव्हीकडे पाठ करून बसली होती.

दारं बंद व्हायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. "आई, राजीनामा देऊन ठेवलाय. एवढं आटपलं की कायमचा घरी येतो," म्हणाला. पोरवयात शिकायला म्हणून गेला तो सुट्टीपुरताच परत आला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून 'कायमचा' हा शब्द आईने पहिल्यांदा ऐकला. नव्वदी ओलांडलेली बाई, पण फोन ठेवला आणि मागची खोली स्वतः झाडून काढली. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

"काकू, जरा इकडे बघा तरी," गुरुजी म्हणाले. "इतिहास घडतोय."

"घडू दे की मास्तर. मला माझा मुलगा हवाय."

"अहो, तो साऱ्या जगाचा पिता होईल!"

"जगाला पिता मिळेल हो, पण माझा मुलगा जाईल ना! पोप झाला की घरी येणार नाही. मी ठेवलेलं नावसुद्धा टाकून दुसरं घेईल."

"पण भाकितात तर हा शेवटचा पोप आहे, काकू! याच्यानंतर दुसरा नाही!"

"शेवटचा असेल तुमचा. माझा पहिला आहे," आई म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. सगळे खो खो हसले. मी हसले नाही, कारण आईच्या मुठी मला दिसत होत्या. गुडघ्यांवर घट्ट आवळून ठेवलेल्या.

टीव्हीवर ते धुराडं दिसत होतं. मतपत्रिका जाळतात. काळा धूर आला की कोणाची निवड झाली नाही, पांढरा आला की झाली. एवढं तर आता गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सगळे श्वास रोखून त्या धुराड्याकडे बघत होते आणि मीही बघत होते. इतकी बघत होते, की बाहेरून कोणीतरी "काळा! काळा!" असं ओरडलं तेव्हा मला समजेना. टीव्हीवर तर काहीच नव्हतं.

"तिथला नाही! तुमचा!" बाहेरून आवाज आला.

माझी भट्टी! आत पावाचे दोन ट्रे कोळसा होत होते. मी धावले, दार उघडलं, खोकत खोकत ट्रे ओढले. आमच्या धुराड्यातून असा काही काळाकुट्ट लोट निघाला होता, की चौकातली माणसं टोप्या काढून उभी राहिली होती.

"घ्या!" आईचा चेहरा उजळला. "तुमच्या आगीच्या घराचं उत्तर आलं. नाही म्हणतंय ते."

गुरुजी तोंड उघडणार, इतक्यात बाक कोसळला. कारण सगळे एकदम उठले होते. टीव्हीवर पांढरा धूर! स्वच्छ, पांढरा! तिथे घंटा सुरू झाल्या. आमच्या दुकानात आरडाओरडा, शिट्ट्या, कोण कोणाला मिठ्या मारतंय पत्ता नाही. न्हाव्याने मला उचललं. मला! माझं वजन बघता तो माणूस धन्य. मी रडत होते की धुराने डोळे झोंबत होते, तेही कळत नव्हतं. तोंडाने फक्त "दादा, दादा" चाललं होतं.

आणि आई. ती वळून बसली होती. आता थेट टीव्हीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. सगळं गाव एक मागत होतं आणि ती एकटी उलटं मागत होती. तिच्याकडे बघितलं आणि माझा सगळा तोरा उतरला. मी तिच्यामागे जाऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले. काळे हात. तिच्या पांढऱ्या साडीवर पंजे उमटले.

टीव्हीवर, नवे पोप जिथून दर्शन देतात त्या बाल्कनीतला पडदा हलला. सगळे टीव्हीकडे सरकले.

दादा ठेंगणा आहे. बाहेर आलेला माणूस ताडमाड उंच होता.

न्हाव्याने वर केलेले हात खाली घेतले. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. एकटीच्या, कडकडीत. आई खुर्चीतून उठली होती.

"येणार!" ती ओरडली. "माझा थोरला घरी येणार!" आणि ती नाचली. खरंच नाचली, काउंटरला धरून. मी हसत सुटले. पोपची बहीण व्हायचं राहिलं, गेलं खड्ड्यात. दादा येणार होता.

पत्रकार मुलीने कानातलं यंत्र दाबलं. "माहिती येतेय... नव्या पोपचे वडील चुन्याच्या भट्टीवर कामाला होते."

"बघा!" गुरुजी उडालेच. "आगीचं घर! चुन्याने पांढरे हात! भाकीत कधी चुकत नाही, आपण पत्ता चुकलो!"

सगळे हसले, बाक सरळ झाले. मुलीने माइक आईपुढे धरला. "आजी, काय वाटतंय?"

आई अजून धापा टाकत होती. ती टीव्हीतल्या त्या उंच माणसाकडे बघत राहिली. तो हात हलवत होता आणि जरा घाबरल्यासारखा दिसत होता.

"त्याची आई आहे का गं?" आईने विचारलं.

मुलीने माइकवरून विचारलं. "आहे म्हणतायत. गावाकडे एकटीच असते."

आईचं हसू विरलं. ती हळूच खाली बसली.

"तिचा नंबर मिळतो का बघ," ती मला म्हणाली.

"आता लावू?"

"आज नको. आज तिच्याकडे सगळं गाव लोटलं असेल. उद्या माणसं आपापल्या घरी गेली, की लाव."