हळदीची वाट

मधल्या पायरीवर गौराबाई बसली ती बसलीच. एक हात कठड्यावर, दुसरा डाव्या बरगडीखाली. खाली कर्जतच्या बाजारपेठेत तांदळाच्या गाड्या उतरत होत्या, हमाल एकमेकांच्या नावानं शिव्या हासडत होते, आणि वर किराणा दुकानाच्या माडीवरून मुनाफ वकील वाकून बघत होता.

"सावकाश या, मावशी. मी काही पळून जात नाही."

"तुमी नाय पळत, दादा. माजा दम पळतोय. त्याला धरून आनते, मंग येते."

ती हसली, आणि हसता हसता कळ उठली तसे तिनं डोळे मिटले.

माडीवर आल्यावर मुनाफनं पंख्याखालची खुर्ची तिच्याकडं सरकवली. शेजारच्या हाजराबीचा हा धाकटा मुलगा. गौराबाईनं त्याला चड्डीत पळताना पाहिलेलं. आता कानांजवळ पांढरं डोकावत होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळानं तिच्या छातीच्या अस्तरात गाठ धरल्याचं सांगितलं, कॅन्सर म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी तिला देवऋषी सुचवले. एकट्या मुनाफनं विचारलं होतं, "मावशी, तुम्ही सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात गोणी झटकत होता ना?"

"कंपनीचं उत्तर आलंय," तो म्हणाला.

"काय म्हनती?"

"म्हणते, ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच. गोणी झटकणाऱ्या बायका ठेकेदाराच्या, आणि ठेकेदार मेला. बाईला काही झालंच असेल तर मिश्री लावून झालं."

"आनि?"

मुनाफनं चष्मा काढून पुसला. पुसायला काही नव्हतं.

"आणि म्हणते, बाई अजून लग्नात धवळे गाते. जिची छाती कामातून गेली ती संध्याकाळभर गाईल कशी?"

त्या पट्ट्यात, कडावपासून खालापूरच्या पलीकडपर्यंत, भटजी नसला तरी लग्न लागे. धवलारीण नसली तर लागत नसे. हळदीपासून वरातीपर्यंत एकेका विधीचं गाणं तीच म्हणायची, आणि ती म्हणेल तेव्हाच विधी पुढं सरकायचा. तीस वर्षं गौराबाईनं लोकांच्या पोरी गाऊन सासरी धाडल्या होत्या. चालताना दम लागू लागल्यापासून गावात कुजबुज होती की तिनं कुठंतरी धवळा विटाळला, त्याचा हा कोप. दावा केला तो त्यासाठी. हे गोणींतून आलं, आपल्या पापातून नाही, एवढं कुणीतरी न्यायाच्या खुर्चीवर बसून मोठ्यानं म्हणावं.

"कायद्यात या रोगाचं नाव आत्ता कुठं आलंय," मुनाफ म्हणाला. "पण तुम्ही तिथं काम केलं हे सांगायला दुसरं कुणी पाहिजे. तुमच्याबरोबर शेडमध्ये गोणी झटकणाऱ्या बायका काय म्हणतात?"

"अंबूबाई म्हनती, माजी नात लग्नाची हाय, छातीवाल्यांच्या घरची पोर कोन करंल? सोनुबाईचा पोर तिथंच कामाला. नि मैना तर कारखान्याच्या पोशा मुकादमाचीच बायको. तिनं दारातूनच सांगितलं, आमाला काय झालं नाय."

"मग तारखेपर्यंत एक करा. कुठंही गाऊ नका."

"गायले नि मधीच तुटले तर? मंग तर खरं कळंल."

"तुम्ही तुटत नाही, मावशी, तोच तर घोटाळा आहे. गेल्या वर्षी कळंबला मी ऐकलं तुम्हाला. दम कुठं संपतो ते माणसाला कळतच नाही."

ते खरं होतं. दम संपायच्या आधी एक क्षण ती हातातल्या बांगड्या वाजवायची, आणि तेवढ्यात जोडीला बसणारी अंबूबाई शब्द उचलायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, असंच आहे गाणं.

*

तिसऱ्या दिवशी पोशा मुकादम नारळ आणि लुगडं घेऊन तिच्या ओट्यावर आला.

"वैनी, आमच्या चांगुणाची हळद हाय येत्या सोमवारी. तुमालाच यायचं हाय."

"मैना का नाय आली बोलवायला?"

"ती कामात हाय. लग्नघर म्हंजे..." पोशानं टोपी काढली, परत घातली. "कारखान्याचे सायेब बी येनार हायेत. आपली गानी ऐकायची म्हनतात. टेप आननार हायेत संगट."

"इतक्या वरसात सायबाला आमची गानी आवडली नाय. आत्ताच बरा कान फुटला रं त्याला."

पोशा तसा वाईट माणूस नव्हता. साहेबानं सांगितलं ते त्यानं केलं, आजवर तसंच करत आला होता.

"तुमी नाय आलात तर मी काय बोलनार नाय," तो हळूच म्हणाला. "पन पोर म्हनती, गौराकाकी नसली तर मी पाटावर बसनार नाय."

तो गेला. नारळ ओट्यावर राहिला.

चांगुणा! गौराबाईला ती शेड दिसली. खालापूरच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात बोटीनं परदेशाहून गोणी यायच्या. आत पांढरं, मऊ, रेशमासारखं काहीतरी. दगडातून काढतात असं साहेब म्हणायचा, म्हणून बायका त्याला दगडाचा कापूस म्हणायच्या. रिकाम्या गोणी झटकून पुन्हा विकायला काढायच्या. दोघींनी गोणीची टोकं धरायची आणि झटकायची, नुसती झटकायची. कौलांच्या फटीतून ऊन आलं की सगळी शेड चमकायची. दिवसा चांदणं पडलंय, असं अंबूबाई म्हणायची. हात एका लयीत चालावेत म्हणून गौराबाईनं त्यांना गाणं शिकवलं होतं, हळदीचं. झटक्यागणिक एक शब्द, तोंड उघडून, मोकळ्या गळ्यानं. त्या चांदण्यात त्या गायच्या. आणि कोपऱ्यात, गोणीचीच झोळी बांधून तिच्यात मैनेची तान्ही चांगुणा निजलेली असायची.

दिवेलागणीला ती एकटीच ओट्यावर बसली आणि ती ओळ तिनं म्हणून पाहिली. हळद डोंगरातून निघते आणि नवरीच्या कपाळापर्यंत येते, अशी ती एक लांब ओळ. एका दमात म्हणायची. वाटेत थांबली तर हळद पोचली नाही असं होतं, आणि ते नवरीला वाईट.

पूर्वी हळद थेट कपाळापर्यंत यायची. पुढं एका वर्षी ती वेशीत अडखळली, दोन पावसाळ्यांनी शिवेवर. आज ती उल्हास नदी उतरली, पाताळगंगेच्या पाण्यात पाय घातला, आणि तिथंच उभी राहिली. दर वर्षी हळद घरापासून लांब लांब थांबत होती.

जावं आणि बांगड्या वाजवून निभावून न्यावं, तर साहेबाची टेप दावा खाणार. न जावं, तर पोर पाटावर बसणार नाही. आणि जाऊन उघड्यावर तुटावं, तर कोप झाला म्हणणाऱ्यांचं खरं ठरेल, पुन्हा कुणी मांडवात बोलावणार नाही. गौराबाईनं नारळ उचलून आत नेला.

*

मांडवात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. साहेब खुर्चीवर बसला होता, त्याच्या शेजारी स्टुलावर टेप. टेपचा तांबडा दिवा लागला होता. पोरं त्या दिव्याकडंच बघत होती.

चांगुणा पाटावर बसली. मैना वाटीत हळद घेऊन मागं उभी राहिली. तिनं गौराबाईकडं पाहिलं नाही.

"चल गं, अंबू," गौराबाई म्हणाली.

"बांगड्या वाजव की पुढं," अंबूबाई कानात पुटपुटली. "मी हाय."

गौराबाईनं डोळे मिटले आणि ओळ सुरू केली:

*हळद निघाली गं बाई, राजमाचीच्या कड्याखालून,
उल्हास उतरून, पाताळगंगेच्या...*

इथं बांगड्या वाजायच्या. अंबूबाई तोंड उघडून तयार होती. गौराबाईनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि हलवले नाहीत. आवाज बारीक होत होत गेला, आणि गेला. मांडवात पंख्याची घरघर तेवढी राहिली. सगळ्यांना ऐकू आलं. हळद पाण्यात उभी होती.

"अगं उचल, उचल कुनीतरी!" मागून एक म्हातारी ओरडली. "नवरी पाटावर हाय!"

अंबूबाईनं घाईनं शब्द धरला:

*पाताळगंगेच्या पाण्यातून, आंब्याच्या सावलीनं,
करवंदीच्या जाळी...*

आणि तिचाही दम गेला. तिचा तिलाच धक्का बसला. आजवर तिला दोनच शब्द उचलावे लागायचे, तेवढ्यात गौराबाई परत यायची. तिनं गळ्यावर हात ठेवला. पलीकडून सोनुबाई पुढं सरली. शेडमध्ये सगळ्यांत मोठा गळा तिचा. ती जाळीतून बाहेर पडली, बांध उतरली, शिवेपर्यंत आली, आणि खोकला आला तो थांबेना. पदर तोंडात धरून ती खाली बसली.

आता त्या शेडमधली एकच उरली होती. कुणी तसं म्हटलं नाही, पण बायकांच्या माना एकेक करून मैनेकडं वळल्या. मुलगी पाटावर होती, हळद गावाबाहेर. आईनं तोंड उघडलं:

*शीव वलांडून, येशीतून...*

वेशीत मैना थांबली. हात आपोआप बरगडीखाली गेला, गौराबाईचा जायचा तिथंच. तिला काही झालं नव्हतं, ती दारातून तसं म्हणाली होती. पोशा मांडवाच्या खांबाजवळ उभा होता. बायकोचा तो हात त्यानं पाहिला, आणि खांबाला धरून खाली बसला.

खट्. साहेबानं टेप बंद केली. तांबडा दिवा विझला.

"का वं सायेब?" मैना म्हणाली. दम लागला होता, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. "बंद का केलीव? आमी गातोय की. ऱ्हाऊ द्या चालू."

साहेब टेपची वायर गुंडाळू लागला. आणि पाटावर बसलेल्या नवरीनं, जिनं हळदीला तोंड उघडायचं नसतं तिनं, मान खाली ठेवून आपलीच हळद आपण आणली:

*येशीतून, अंगनातून, तुळशीला वळसा घालून,
उंबऱ्यातून, बायच्या माज्या कपाळी आली गं, कपाळी आली.*

"आली गं आली!" बायका ओरडल्या. कुणी हसल्या, कुणी डोळे पुसले. मैनेनं मुलीच्या कपाळाला बोट लावलं.

गौराबाई मात्र हसली नाही. तिचा कान धवलारणीचा. अंगण आणि तुळस यांच्यामध्ये तिनं काहीतरी ऐकलं होतं. फार बारीक, भातातल्या खड्याएवढं. पोर घाबरली असेल, तिनं स्वतःला समजावलं. भरल्या मांडवात कुणीही अडखळतं. पण कान ऐकेना.

*

आठवड्यानं मुनाफनं माडीवरून वाकून पाहिलं तर जिन्यावर चौघी बसल्या होत्या, एकेका पायरीवर एकेक. कुणी वर पोचली नव्हती.

"येतो आमी, दादा," अंबूबाईनं खालून आवाज दिला. "आज येतो का उद्या, ते सांगता येत नाय."

"कचेरी खाली का नाय घेत तुमी?" सोनुबाई म्हणाली. "वकील हायत का कावळा?"

मुनाफ कागद घेऊन खाली उतरला, त्यांच्यामधून वाट काढत, आणि सगळ्यांच्या खालच्या पायरीवर बसला. रस्त्यावरचे लोक बघत होते.

"मुकादमांना ठाऊक आहे?" त्यानं मैनेला विचारलं.

"त्यांनीच टेंपोत बसवून दिलं. बोलले काय नाय."

मग एकेक सांगू लागली. शेड कुठं होती, गोणीचं कुठलं टोक कुणी धरायचं, चांदणं कसं पडायचं. मुनाफ लिहीत गेला. मध्येच एखादीचा दम संपे, आणि तिचं वाक्य दुसरी उचलून पुढं नेई. गौराबाई सगळ्यांत वरच्या पायरीवर होती. तिची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

"दादा, एक इचारू? काम केलं त्यांचं तुमच्या कायद्यात हाय."

"हो, आहे."

"नि तिथं झोळीत नुसती निजली असंल, तिचं?"

मुनाफचं पेन थांबलं. "निजली? कोण निजलं होतं तिथं?"

अंबूबाईनं मान वळवली आणि रस्त्याकडं बघितलं. मैनेनं वर पाहिलं, गौराबाईच्या तोंडाकडं, फार वेळ. आणि मग खाली, आपल्या हातांकडं. लग्नाला आठवडा झाला तरी नखांत अजून पिवळं होतं. दुसऱ्या हाताच्या नखानं ती ते उकरू लागली. निघेना, तरी उकरत राहिली.